डाव्या बाजूची पट्टी

शटर अर्धं वर गेलं की आधी झाकण उघडतो.
उदबत्ती नंतर. तिची राखही शेवटी काचेवरच येते.

मान वाकडी करून, टॉर्च आडवा धरून बघतो,
तांदळातला खडा शोधावा तसं.
समोरून काच नेहमी स्वच्छच दिसते.

भंवरकुआंच्या या गल्लीत सगळे पोहे खाऊन येतात.
जीरावनाचे हात. मार्कशीट, जातीचा दाखला, रहिवासी दाखला,
"भिया, जल्दी", आणि अंगठा नेमका काचेवर.
तेलाचा ठसा वरचा असतो, फडक्याने जातो.
खालून धुकं धरलं असेल तर चार स्क्रू काढावे लागतात,
पंखा बंद करून, श्वास आवरून.
आणि चरा असेल तर नख अडकतं.
नख अडकलं की थांबायचं,
पुसून पुसून तो फक्त मोठा होतो.

फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर नाही.
कडेच्या फटीतून एक थेंब आत गेला
तर तो आत काय करतो
हे मी दोन मशीन घालवून शिकलोय.
वर्तमानपत्राने पुसू नको, दीपेशला सांगतो.
"खिडकी तो उसीसे चमकती है," तो म्हणतो.
अरे, खिडकीतून तू बाहेर बघतोस.
ही खिडकी तुझ्या कागदाकडे बघते.

शहर स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हा चौकात पेढे वाटले.
मीही खाल्ला, मग हात धुतले, साबणाने, दोनदा.
गाडी रोज गाणं वाजवत येते, ओलं वेगळं, सुकं वेगळं.
कागदाचा कोंडा, टाचणीचा गंज, व्हाइटनरचा पापुद्रा
यांचा डबा कोणता
ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

मोठ्या काचेवर कण पडला तर कागदावर कणच दिसतो,
स्वल्पविराम म्हणून खपून जातो.
पण डावीकडे ती बोटभर पट्टी आहे ना,
वरून घातलेले कागद जिच्यावरून सरकत जातात,
तिथे कण जागचा हलत नाही. कागद हलतो.
मोहरीच्या पावपट ठिपका,
आणि पानभर, वरपासून खालपर्यंत, एक रेघ.

त्या मार्चमध्ये मी फक्त मोठी काच पुसत होतो.
बुऱ्हाणपूरचा नितेश सपकाळे.
बारा पानं, शेवटची तारीख, रात्रीचे पावणेअकरा.
पानं वरून घातली, घर्र घर्र, पेनड्राइव्ह दिला, साठ रुपये.
रेघ त्याच्या नावातून गेली होती,
आईच्या नावातून,
गुणांच्या बेरजेतून.
स्क्रीन लहान होता. मी नीट पाहिलं नाही.
कुठल्यातरी टेबलावर कुणाला तरी वाटलं,
हे खोडलेलं आहे.

तो परत आला तेव्हा भांडला नाही.
मूळ कागद आणि छापलेला, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.
"काका, ही तुमच्याकडे आली का?"
मी झाकण उघडलं. व्हाइटनर होतं.
हो म्हणालो. साठ रुपये पुढे केले
आणि हात तसाच राहिला,
पुढे केलेला.

तेव्हापासून दिवसाचा पहिला स्कॅन कोऱ्या कागदाचा,
एकदा काचेवर, एकदा पट्टीवरून.
'कोरे' नावाच्या फोल्डरात तारखेनुसार ठेवतो.
हजाराच्या वर पांढरी पानं झाली.
जागा भरत चाललीय, दीपेश म्हणतो, उडवून टाकू?
राहू दे.

आज नितेश आला होता, बहिणीचा फॉर्म घेऊन.
मला काही न विचारता त्याने झाकण उचललं,
मान वाकडी केली,
आणि डावीकडच्या बोटभर पट्टीकडे बघत राहिला.

मी टॉर्च त्याच्या हातात दिला.